इंजिनिअरिंगच्या पोरांना लिहायला-बोलायला शिकवायचं कसं?

हिंगणा_रोड
बुधवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो. या सत्रात इंग्रजीच्या मॅडम रजेवर गेल्या आणि वर्कलोड जुळवता जुळवता 'टेक्निकल कम्युनिकेशन'ची लॅब माझ्या गळ्यात पडली. दुसऱ्या वर्षाची साठ पोरं, मेकॅनिकल आणि सिव्हिल मिळून. एका बॅचला आठवड्याला दोन तास. सिलॅबसमध्ये पत्रांचे प्रकार, संवादातले अडथळे, अहवालाचे भाग, मुलाखतीला कसं बसायचं वगैरे. हे सगळं पोरं पाठ करतात, 'संवादातले अडथळे' सात मुद्द्यांत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतात, आणि एचओडींना सुट्टीचा अर्ज लिहायचा तर गुगल उघडतात.

आता खरा प्रकार सांगतो. मटेरियल टेस्टिंगच्या फाइली तपासत होतो. यूटीएमवर (नमुना ओढून-दाबून तपासायचं मशीन) माइल्ड स्टीलची सळई ओढून तोडायचं प्रॅक्टिकल. सगळ्या फाइलींत निष्कर्ष एकच: 'हेन्स वी हॅव सक्सेसफुली स्टडीड द टेन्साइल टेस्ट.' एका पोराला बोलावलं. म्हटलं, इंग्रजी सोड, काय दिसलं ते सांग. तो म्हणाला, 'सर, काटा चढत होता. मग मधातच अडकला, पण सळई लांबतच होती. मग काटा पुन्हा चढला. नंतर सळई एका जागी बारीक व्हायला लागली अन् काळा काटा उलटा फिरला, लाल तिथंच थांबला. मला वाटलं मशीन बिघडली. तेवढ्यात फाटकन तुटली. एक टोक वाटीसारखं, दुसरं शंकूसारखं.'

यील्ड (काटा अडकला ते), नेकिंग (सळई बारीक झाली ते), कप अँड कोन (वाटी-शंकू), सगळं आलं की नाही? फाइलमध्ये यातलं एक अक्षर नाही.

तर प्रश्न असा की अडचण इंग्रजीची आहे की दुसऱ्याच कशाची? आणि मी काही भाषेचा मास्तर नाही, तर या दोन तासांत मी नेमकं काय करावं? 'वाचन वाढवा' असं कृपया कोणी सांगू नका.

तर्री_जास्त
बुधवार, रात्री ९:२६

वाचन वाढवा.

तर्री_जास्त
बुधवार, रात्री ९:२७

गंमत केली जी. आयटी पार्कच्या रस्त्यावर सकाळी पोह्याच्या ठेल्यावर न्या पोट्ट्यांना. तिथे कोणीच गप्प नसते.

धंतोलीकर
बुधवार, रात्री १०:०५

मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे, कॅम्पसला मुलाखती घ्यायला जातो. थोडं कडू बोलतो, राग मानू नका. अडचण इंग्रजीचीच आहे. सळईची गोष्ट गोड आहे, पण आमचा क्लायंट बसतो ओहायोत. त्याला 'फाटकन' कळणार नाही.

रेझ्युमेवर वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' असतो, तो सगळ्यांचा सारखा. खाली हॉबीज: क्रिकेट, लिसनिंग टू म्युझिक. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की पाठ केलेली टेप सुरू होते. मधेच थांबवून विचारलं की बाबा, प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस, तर टेप अडकते.

आत आल्यावर तर मजाच. टिकेटमध्ये, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहितात, 'इट इज नॉट वर्किंग, प्लीज चेक.' काय चालत नाही? कुठे? तू काय दाबलंस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं? हे तीन सांगितले तर समोरचा अर्ध्या तासात दुरुस्त करून देतो. न सांगितल्यामुळे दोन दिवस मेल फिरत राहतात. त्यामुळे माझं मत, साधं सरळ इंग्रजी शिकवा. मराठी घरी आहेच.

वणीची_लेक
बुधवार, रात्री १०:४८

धंतोलीकर दादा, तुमच्याच प्रतिसादात तुमचं उत्तर आहे. 'इट इज नॉट वर्किंग, प्लीज चेक' यात इंग्रजीची चूक दाखवा बरं. वाक्य शुद्ध आहे. माहिती नाही त्यात.

मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात, मग नागपूरला सिव्हिल. पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. सगळे म्हणायचे, इंग्रजीमुळे. तसं ते होतंच, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? मराठीत विचारलं असतं तरी मी गप्पच बसले असते. दहावीपर्यंत निबंधही गाइडमधला. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिताना मी स्वतः पाहिलेला एकही पावसाळी दिवस त्यात नव्हता. वणीत कोळशाच्या ट्रकांनी पावसात रस्त्याचं काय होतं ते रोज बघत होते, पण निबंधात मोरच नाचला पाहिजे. तुला काय दिसलं, तुला काय वाटतं, हे बारा वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि मग एकदम तिसऱ्या वर्षी सेमिनार द्या!

आता पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. रिपोर्ट इंग्रजीत लिहिते, बरे लिहिते. इंग्रजी सहा महिने-वर्षात कामावरच जमलं. स्वतःचं काही लिहायची भीती मोडायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ गेला.

बे_एके_बे
बुधवार, रात्री ११:३०

सर, मी थर्ड इयरला आहे (तुमच्या कॉलेजात नाही, टेन्शन नका घेऊ). फाइली सेम काहून असतात ते मी सांगतो.

एका सेमला पाच-सहा लॅब, एका लॅबचे आठ-दहा प्रॅक्टिकल. सबमिशन सगळ्यांचं एकाच आठवड्यात. मार्क कशाला भेटतात? इंडेक्स पूर्ण पाहिजे, डावीकडे मार्जिन पाहिजे, डायग्राम पेन्सिलने पाहिजे. कन्क्लुजन कोणी वाचतच नाही. मी फर्स्ट इयरला एकदा इमानदारीत लिहिलं होतं की रीडिंग थिअरीशी जुळले नाही, बहुतेक स्प्रिंग ढिली होती. तर म्हणे, 'हे काय लिहिलं? बाकीच्यांनी काय लिहिलं ते पाह्य अन् परत लिहून आण.' आता तुम्हीच सांगा, शहाणा पोट्टा काय करीन?

सीनियरची फाइल घ्या, उतरवा, साइन घ्या, विषय संपला. आता तर सीनियरही लागत नाही, चॅटजीपीटी आहे. ते तर आणखी भारी लिहिते, 'द रिझल्ट्स ऑब्टेन्ड वेअर इन क्लोज अ‍ॅग्रीमेंट विथ थिअरॉटिकल व्हॅल्यूज.' त्याने तर मशीन पाह्यलीच नाही बिचाऱ्याने!

तर्री_जास्त
बुधवार, रात्री ११:३८

आमच्या वेळी लॅबमध्ये लाइट गेली होती, प्रॅक्टिकल झालंच नाही. फाइलमध्ये तरी 'हेन्स वी हॅव सक्सेसफुली'.

मेस_नं_चार
बुधवार, रात्री ११:४१

आमची मोटर जळाली. सक्सेसफुली.

वणीची_लेक
बुधवार, रात्री ११:४४

:)) सर्व्हेच्या कॅम्पमध्ये आमचा ट्रॅव्हर्स क्लोज झाला नाही (मोजणी फिरून सुरुवातीच्या पॉइंटला जुळली नाही), शेवटचा पॉइंट कॅल्क्युलेशनप्रमाणे तलावात पडत होता. तोही सक्सेसफुली.

लाइनक्लिअर
गुरुवार, सकाळी ६:१५

मी वीज कंपनीतून रिटायर झालो. आधी सबस्टेशन, मग एका औष्णिक केंद्रात शिफ्ट इंजिनिअर. सकाळची वेळ आहे, सविस्तर लिहितो.

आमच्याकडे लिहिण्या-बोलण्याचा धडा कॉलेजात भेटला नाही, एलसीने शिकवला. एलसी म्हणजे लाइन क्लिअर. लाइनवर काम करायचं तर सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यावं लागते. कोणता फीडर, कुठून कुठपर्यंत, कोणी घेतलं, किती वाजता, नंबर काय. ऑपरेटर फोनवर सांगते, लाइनमन तेच शब्द उलट म्हणून दाखवते, दोघंही आपापल्या रजिस्टरात लिहितात. ज्याच्या नावाने परमिट निघालं त्यानेच ते वापस करायचं, दुसऱ्या कोणी 'झालं काम, चालू करा' म्हटलं तरी ब्रेकर हातात घ्यायचा नाही. इथे 'तो वरचा फीडर' म्हणून चालत नाही. वरचा म्हणजे तुमच्या वरचा का माह्या वरचा? पोलवर माणूस चढला असते बावा.

केंद्रात आल्यावर शिफ्टचं रजिस्टर. एका रात्री मी चार्ज घेतला तर लिहिलेलं होतं, 'पंपाकडे लक्ष द्यावे.' आता बॉयलर फीड पंप तीन. कोणत्याकडे लक्ष देऊ? अन् कशाकडे, आवाजाकडे का गळतीकडे? लिहिणारा घरी जाऊन झोपलेला, तेव्हा मोबाइल नव्हते. तिन्ही पंपांवर माणूस उभा केला रात्रभर. सकाळी कळलं, '२-बी'च्या मोटरकडच्या बेअरिंगचं तापमान दुपारपासून ६२ वरून ७१ झालं होतं. एवढं एक वाक्य लिहायला किती वेळ लागते?

तेव्हापासून नवीन पोट्टे ट्रेनिंगला आले की मी पहिले आठ दिवस त्यांना हातच लावू देत नव्हतो मशीनला. फक्त फिरा अन् रजिस्टर लिहा. मराठी लिहा, हिंदी लिहा, इंग्रजी लिहा. मग पुढच्या शिफ्टवाल्याला ते वाचायला देत होतो अन् विचारत होतो, आता तू काय करशीन? त्याला करता आलं पाहिजे. नाही आलं तर लिहिणाऱ्याने पुन्हा लिहावं.

सर, तुम्ही हेच करा ना. एका बॅचनं लिहावं, दुसऱ्या बॅचनं ते वाचून प्रॅक्टिकल करावं.

हिंगणा_रोड
गुरुवार, सकाळी ८:०२

काका, शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. सोमवारच्या बॅचची नोंद मंगळवारच्या बॅचला द्यायची. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

सदरची_मास्तरीण
गुरुवार, दुपारी ४:३०

मी इंग्रजी शिकवते, अभियांत्रिकीच्याच मुलांना, बऱ्याच वर्षांपासून. धागा वाचून जरा हसू आलं, जरा रागही. इंजिनिअर मंडळींना वाटतं, इंग्रजीची मॅडम म्हणजे स्वल्पविराम तपासणारी. स्टाफरूममध्ये आमच्या विषयाला 'तो फालतू पेपर' म्हणतात, पोरांसमोर म्हणतात. मग पोरं कशाला मनावर घेतील?

हिशोब बघा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या मॉडेल करिक्युलममध्ये इंग्रजीला आठवड्याला दोन तास लेक्चर आणि दोन तास प्रॅक्टिकल, एकूण तीन क्रेडिट. तेही पहिल्या वर्षी, जेव्हा पोराकडे सांगण्यासारखं अभियांत्रिकीचं काही नसतं. त्यानंतर थेट शेवटच्या वर्षी प्लेसमेंटवाले कोट-टाय घातलेला ट्रेनर बोलावतात, तो तीन दिवसांत 'बॉडी लँग्वेज' शिकवून जातो. मधली दोन-अडीच वर्षं कोरडी.

दुसरीकडे कागदावर बघा. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या मानायच्या देशादेशांतल्या कराराचा, कायम सदस्य झाला. त्यासाठी एनबीएने (अभ्यासक्रमांना मानांकन देणारं मंडळ) पदवीधराकडून काय काय यायला हवं याची यादी केली, बारा मुद्द्यांची. त्यात दहावा मुद्दा संवादाचा. अहवाल आणि डिझाइनची कागदपत्रं समजणं आणि लिहिणं, सादरीकरण, सूचना स्पष्ट देणं आणि घेणं, तेही फक्त इंजिनिअरांशी नाही, समाजाशीसुद्धा. अलीकडे यादी बदलली तरी हा मुद्दा आहेच. आता हा मुद्दा कोणाचा? थर्मोडायनॅमिक्सवाले सर मॅपिंगच्या तक्त्यात (कोणत्या विषयाचा कोणत्या मुद्द्याशी किती संबंध) त्याच्यासमोर '१' टाकतात आणि मोकळे होतात. '१' म्हणजे कमी संबंध. निदान शून्य टाकत नाहीत, उपकार.

अमेरिकेतल्या एमआयटीत प्रत्येक पदवीच्या मुलाला लेखन-संवादावर भर असलेले चार विषय घ्यावे लागतात आणि त्यातले दोन त्याच्या स्वतःच्या शाखेतले असतात. म्हणजे मेकॅनिकलच्या लॅबचा रिपोर्ट हाच लेखनाचा तास. आपल्याकडे तेवढे पैसे नाहीत, मान्य. पण लॅब तर आहे. फाइल तर आहे. ती वाचणारा माणूस नाही.

आणि हिंगणा_रोड सर, एक व्यावहारिक गोष्ट. साठ जणांचं सगळं तपासायला जाऊ नका. पंधरा दिवसांत लाल पेन फेकून द्याल. सहा ओळी लिहायला सांगा, जास्त नाही. त्यातही एकच गोष्ट बघा. एका आठवड्यात फक्त आकडे आणि एकक आहेत का. पुढच्या आठवड्यात फक्त कोणी काय केलं ते कळतं का. स्पेलिंगला हात लावू नका. आणि परत लिहून घ्या, तेच सहा ओळींचं. आपल्याकडे पोरगं एकदा लिहिलेलं पुन्हा कधी बघतच नाही, ते फक्त सही घेऊन जातं.

धंतोलीकर
गुरुवार, संध्या. ७:१०

मॅडम, प्रतिसाद आवडला. पण स्पेलिंगला हात लावू नका हे पटलं नाही. आमच्याकडे मेलमध्ये दोन चुका दिसल्या की क्लायंट माणसालाच कच्चा समजतो. अन्याय आहे, पण आहे.

सदरची_मास्तरीण
गुरुवार, संध्या. ७:२५

शेवटच्या मसुद्यात लावा की हात. पहिल्याच मसुद्यात लावलात तर पोरगं पुढच्या वेळी ज्याचं स्पेलिंग येतं तेवढंच लिहील.

टिपणी_सादर
गुरुवार, रात्री ९:५०

मी सरकारी खात्यात, सिंचनाकडे. इथे सगळे क्लायंट आणि ओहायो घेऊन बसलेत, म्हणून वेगळी बाजू.

आमचा कारभार मराठीत. राजभाषा अधिनियम १९६४ चा. एमपीएससीतून नवा पोरगा येतो, इंग्रजी फाडफाड, आणि पहिल्या नस्तीवर (फाइलवर) टिपणी लिहायला बसला की घाम फुटतो. मग काय, जुनी नस्ती काढतो आणि तिच्यातलीच वाक्यं, 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की'. तीन पानांनंतर साहेब विचारतात, बाबा, मंजुरी पाहिजे का नको?

लिहिण्याची शिस्त कुठे असेल तर मोजमाप पुस्तिकेत. शाईने लिहायचं, खोडरबर-व्हाइटनर बंद, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही, जुनं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. साइटवर उभं राहून घेतलेलं माप तिथेच. त्यावर बिल निघतं आणि उद्या चौकशी लागली तर तेच कोर्टात जातं. कॉलेजात पोरं फेअर फाइल लिहितात ना, सुवाच्य, ती पद्धत इथे आली की आम्ही पहिल्यांदा ओरडतो. फेअर केलेली नोंद म्हणजे संशयास्पद नोंद.

आणि समाजाशी बोलणं म्हणाल तर, एका धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या गावात बैठक होती. आमच्या कनिष्ठ अभियंत्याने छान समजावलं, पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून अमुक मीटर, महत्तम पूर पातळी तमुक मीटर. नकाशाही लावला. सगळं ऐकून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, 'ते राहू दे साहेब. पाणी माह्या ओट्याले लागते का नाई, तेवढं सांग.' उत्तर त्याच्याकडे होतं, नकाशातच होतं. पण त्या भाषेत त्याने ते कधी काढलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावात जाऊन घराघराच्या भिंतीवर चुन्याने पातळीची रेघ मारली. नंतर एकाही माणसाने मीटर विचारला नाही.

वणीची_लेक
गुरुवार, रात्री १०:०६

चुन्याची रेघ! हे मी चोरणार.

फुटाळा_चक्कर
शुक्रवार, सकाळी ११:४०

लाइनक्लिअर काकांच्या 'पंपाकडे लक्ष द्यावे'वरून थ्री माइल आयलंड आठवलं. मार्च १९७९, अमेरिकेतला अणुभट्टीचा अपघात. त्याच्या दीड वर्ष आधी, सप्टेंबर १९७७ मध्ये, ती भट्टी बनवणाऱ्या कंपनीच्याच दुसऱ्या भट्टीत जवळपास तसंच घडलं होतं. व्हॉल्व्ह उघडा राहिला, ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणी लवकर बंद केलं, तिथे निभावलं. कंपनीतल्या एका अभियंत्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये आत मेमो लिहिला की ऑपरेटरांना नवी सूचना द्या. तो मेमो खात्याखात्यांत फिरत राहिला, कोणी शंका काढली, कोणी उत्तर दिलं नाही, आणि सूचना भट्टीपर्यंत गेलीच नाही.

दुसरं कोलंबिया यान, २००३, परतताना तुटलं ते. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला. यान वरती असताना अभियंत्यांनी पॉवरपॉइंट केलं. प्रयोगात वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, प्रत्यक्षात आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे केलेल्या चाचण्यांवरून काहीच ठरवता येत नव्हतं. आता ही गोष्ट शीर्षकात पाहिजे की नको? ती होती स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरात, बुलेटच्या आतल्या बुलेटमध्ये. शीर्षक वाचून सगळं ठीक वाटावं असं. चौकशी मंडळाने अहवालात त्या स्लाइडवर वेगळी चौकट करून टीका केली.

आपल्याकडे प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन असतं तेव्हा कोण बघतं हे? 'ट्रान्झिशन छान आहे' म्हणून मार्क देतात.

मेस_नं_चार
शुक्रवार, दुपारी १२:१५

थोडा असहमत. चॅलेंजर यान घ्या, १९८६, उड्डाणातच फुटलं ते. रॉजर बॉइसजोली या अभियंत्याने ओ-रिंगबद्दल (रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या) जुलै १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि अगदी स्वच्छ लिहिलं होतं, यातून माणसं मरतील असं. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर अभियंते नको नको म्हणत होते. काय उपयोग झाला? वरच्यांना ऐकायचं नव्हतं. प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याला धरायचं का? ऐकायचा कोर्स मॅनेजरांना लावा.

लाइनक्लिअर
शुक्रवार, दुपारी १:००

हे बी खरं आहे. पण लिहिलेलं होतं म्हणून नंतर चौकशीत ते सापडलं ना. नाही तर सगळं खालच्या माणसावर ढकललं असतं. आमच्याकडे असं लय वेळा होते.

तर्री_जास्त
शुक्रवार, दुपारी १:१०

मी पोहे खायला आलो होतो, इथे अणुभट्टी निघाली.

ऑरेंज_बर्फी
शुक्रवार, दुपारी २:२२

मला बोलण्याबद्दल विचारायचं होतं. माझी मुलगी ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) आहे. घरी मराठी, मैत्रिणींशी हिंदी, लेक्चर इंग्रजी. एका वाक्यात तिन्ही. 'मम्मी मी सबमिशन करके येऊन राहिली'. असं मिश्र बोलल्याने नुकसान होतं का? सासूबाई म्हणतात भाषा नासली.

वणीची_लेक
शुक्रवार, दुपारी २:५०

ताई, नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मराठी-हिंदी शेजारी शेजारीच नांदल्या इथे. मुंबईचा माणूस आपलं मराठी ऐकून हसतो आणि भोपाळचा माणूस आपलं हिंदी ऐकून. मुलीला समोरचा कोण ते बघून भाषा बदलता येते का तेवढं पाहा. आजीशी आणि सरांशी वेगळी बोलते ना? मग काही नासलं नाही.

ऑरेंज_बर्फी
शुक्रवार, दुपारी ३:०५

आजीशी बोलतच नाही, मोबाइलवर असते. पण धन्यवाद :)

हिंगणा_रोड
रविवार, रात्री ८:४५

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, माफ करा. एचओडींशी बोललो. सिलॅबसला हात लावायचा नाही, पण लॅबचे जे अंतर्गत मार्क आहेत ते मी ठरवू शकतो, एवढं कबूल करून घेतलं. तर या सत्रापुरतं असं करतोय. थिअरी, अ‍ॅपरेटस, प्रोसीजर हे सगळं छापील देणार, कोणी उतरवायचं नाही. पोरांनी फक्त रीडिंगचा तक्ता आणि निष्कर्ष लिहायचा. निष्कर्ष सहा ओळी, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. पहिला मसुदा कोणत्याही भाषेत, लॅबमध्येच, मोबाइल टेबलावर. दुसरा इंग्रजीत, पुढच्या तासाला. रीडिंग जुळलं नाही तर मार्क कापणार नाही, का जुळलं नसेल ते लिहिलं नाही तर कापणार. टिपणी_सादर साहेबांचा नियमही घेतला, व्हाइटनर बंद, रेघ मारून सही.

आणि काकांची युक्ती. सोमवारच्या बॅचची नोंद मंगळवारला. मंगळवारच्या बॅचने फक्त ती वाचून मशीन लावायचं, मी तोंड उघडणार नाही.

सहकाऱ्यांचं म्हणणं, प्रोसीजर छापील दिली तर पोरं वाचणारच नाहीत. म्हटलं, उतरवताना तरी कुठे वाचत होती.

बे_एके_बे
रविवार, रात्री ९:३०

सर आमच्या कॉलेजात या ना यार.

बरं, ऐका. मी एक लिहून पाह्यलं. मागच्या आठवड्यात सेंट्रिफ्युगल पंपाचं प्रॅक्टिकल झालं. फाइलमध्ये अर्थातच सक्सेसफुली. इथे खरं लिहितो, तुम्ही तपासा:

'आम्ही डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत पाच रीडिंग घेतले. हेड ६ मीटरपासून १४ मीटरपर्यंत वाढला आणि डिस्चार्ज कमी झाला. एफिशियन्सी १९, २५, १४, २७, २२ टक्के आली. तिसरं रीडिंग मधातच पडलं. तेव्हा पंपातून खडखड आवाज येत होता. सरांनी तिसरं रीडिंग २६ करायला सांगितलं.'

शेवटची ओळ काढू का?

तर्री_जास्त
रविवार, रात्री ९:३३

शेवटची ओळ म्हणजेच निष्कर्ष आहे बे, काढू नको.

सदरची_मास्तरीण
रविवार, रात्री ९:५५

पहिल्या मसुद्यासाठी फार छान. आकडे आहेत, एकक आहेत, काय ऐकू आलं तेही आहे. आता 'तेव्हा' म्हणजे नक्की कधी? तिसरं रीडिंग घेण्याआधी आवाज सुरू झाला की घेताना? आणि चौथ्या वेळी बंद झाला होता का? एवढं घालून परत लिही.

लाइनक्लिअर
रविवार, रात्री १०:१०

खडखड आवाज म्हणजे पंप हवा ओढत असन. कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) असतं तर पहिल्या रीडिंगला, जास्त डिस्चार्जला, आधी झालं असतं. मले वाटते तुम्ही कलेक्टिंग टँकचा खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून विसरले. टँक भरत गेली, संपमधलं (खालच्या हौदातलं) पाणी उतरलं अन् सक्शनचं तोंड उघडं पडलं. मग कोणीतरी टँक सोडली, पाणी वापस आलं, चौथं रीडिंग बरोबर आलं. असं झालं का? सक्शनच्या गेजचं रीडिंग काय होतं तिसऱ्याला?

बे_एके_बे
रविवार, रात्री १०:१६

काका!! मधात टँक ओव्हरफ्लो झाली होती, सगळ्यांचे बूट ओले झाले, मग अटेंडंट भाऊंनी येऊन व्हॉल्व्ह खोलला. ते लिहायचं असते हे मला माहीतच नव्हतं.

सक्शन गेज लिहिलं होतं रफमध्ये. तो कागद फेअर फाइल झाल्यावर फेकला.

टिपणी_सादर
रविवार, रात्री १०:२०

फेअर फाइल. मी काही बोलत नाही.

हिंगणा_रोड
रविवार, रात्री १०:३१

तुमच्या लॅबमध्ये अटेंडंट किती वाजेपर्यंत असतात? उद्या पाच मिनिटं मागून घे, संपची पातळी मुद्दाम खाली ठेव आणि तेवढं एकच रीडिंग पुन्हा घे. या वेळी गेजचा फोटो काढ.

बे_एके_बे
रविवार, रात्री १०:३४

पाचपर्यंत. बूट काढूनच जातो.